ज्युनियर आइस हॉकी : चौथ्या फळीतून स्वतःला सिद्ध कसे करावे?

प्रश्न : माझा भाचा कॅनडातील ओंटारियो हॉकी लीगमध्ये पहिलाच हंगाम खेळतो आहे. तो १७ वर्षांचा आहे. आधीच्या संघात सर्वाधिक गोल त्याचेच असत. येथे मात्र चौथ्या फळीत, म्हणजे आळीपाळीने उतरणाऱ्या आक्रमकांच्या चार तुकड्यांपैकी शेवटच्या तुकडीत, त्याला सामन्यात जेमतेम आठ मिनिटे मिळतात आणि गोल जवळजवळ होतच नाहीत. पुढच्या वर्षी एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट आहे; त्यात संघ तरुण खेळाडू निवडतात. इतक्या थोड्या वेळात त्याने आपली योग्यता कशी दाखवावी?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, पण या परिस्थितीत तो एकटा नाही. या लीगमध्ये साधारण १६ ते २० वर्षांचे खेळाडू एकत्र खेळतात आणि या वयात तीन वर्षांचा फरक म्हणजे खांद्यांच्या व पायांच्या ताकदीचा मोठा फरक असतो. शिवाय प्रत्येक संघात येणारा जवळजवळ प्रत्येक आक्रमक आपल्या जुन्या संघाचा प्रमुख गोल करणाराच असतो. त्यामुळे पहिल्या हंगामात गोलांच्या आकड्यावरून स्वतःला जोखणे मला चुकीचे वाटते.

आठ मिनिटे म्हणजे प्रत्येकी सुमारे ४५ सेकंदांच्या दहा-अकरा पाळ्या. त्या पाळ्यांत प्रशिक्षक पाहतो ते एवढेच, की याला बर्फावर सोडले तर संघाचे नुकसान तर होत नाही ना. एक प्रसंग घ्या. आपल्याच बचाव क्षेत्रात बचावपटूने मैदानाच्या कडेच्या भिंतीलगत (बोर्ड) पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, पुढे सरकवला आहे, विंगर म्हणजे कडेचा आक्रमक तो घेण्यासाठी थांबला आहे आणि प्रतिस्पर्धी वेगाने त्याच्या अंगावर येतो आहे. गडबडलेला खेळाडू पक नुसताच भिरकावतो, तो बचाव क्षेत्राच्या सीमेवरील निळ्या रेषेवर अडवला जातो आणि दमलेले पाचही जण पुन्हा बचावात अडकतात. तयारीचा खेळाडू पक पोहोचण्यापूर्वीच खांद्यावरून मागे पाहून घेतो, धक्का अंगावर झेलतो आणि पक निळ्या रेषेपलीकडे काढूनच देतो. या कामाची नोंद गोलांच्या तक्त्यात कुठेच होत नाही, पण प्रशिक्षक आणि स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारे) यांच्या नजरेतून ते सुटत नाही. पाळी वेळेवर संपवून बदलीसाठी परतणे, फटक्याच्या वाटेत उभे राहणे, पक गमावताच त्याच वेगाने मागे धावणे, हेही त्यातच आले. अशा खेळाडूला पुढे पेनल्टी किलच्या तुकडीत, म्हणजे एक खेळाडू कमी असताना खेळण्यासाठी, उतरवले जाते आणि मिनिटे बहुतेक वेळा अशीच वाढतात.

ड्राफ्टबद्दल थोडेसे. सध्या तेथे ७ फेऱ्यांत ३२ संघ मिळून २२४ खेळाडू निवडतात, आणि निवड झाली नाही तरी वाट बंद होत नाही. मार्क जिओर्दानो हा याच लीगमध्ये ओवेन साउंडकडून खेळला. त्याला एनएचएलच्या कोणत्याही संघाने ड्राफ्टमध्ये घेतले नव्हते. मध्यंतरी तो एक हंगाम रशियातही खेळून आला, पुढे एनएचएलमधील कॅलगरी संघाचा कर्णधार झाला आणि २०१९ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने मिळवला. भाच्याचा जन्म वर्षाच्या अखेरच्या महिन्यांतील असेल, तर हेही लक्षात घ्यावे की कॅनडात वयोगट १ जानेवारीपासून मोजले जातात, म्हणजे तो आपल्या गटात सर्वांत लहानांपैकी ठरतो. ज्युनियर हॉकीत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुले अधिक दिसतात, हे १९८५ मधील अभ्यासातच स्पष्ट झाले होते. उशिरा वाढणाऱ्या मुलाला थोडी सवड द्यावीच लागते.

आता या लीगमधील खेळाडूंना अमेरिकी विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीच्या हॉकीतही, २०२५-२६ च्या हंगामापासून, खेळता येते. पूर्वी ही मुभा नव्हती. म्हणून शाळेचा अभ्यास त्याने मुळीच सोडू नये.

तूर्त त्याने प्रशिक्षकाला वेळ मागून एकच नेमकी गोष्ट विचारावी : पेनल्टी किलच्या तुकडीत येण्यासाठी माझ्या खेळात कोणती उणीव भरून निघायला हवी? मिळालेल्या उत्तरावर महिनाभर सरावात काम करावे आणि मग त्याच प्रशिक्षकाकडून त्याच पाळ्यांची चित्रफीत पुन्हा तपासून घ्यावी.