एकतर चालवा, नाहीतर झोपवा

या खेपेला पत्रांचा गठ्ठा उघडला, तर निम्म्याहून जास्त पत्रं उभ्या गाड्यांची निघाली. बिघडलेल्या नव्हेत, नुसत्या उभ्या. त्यामुळे क्लचचे आणि मायलेजचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. त्या वाचकांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं सात महिने मुलीकडे राहायला जातोय. पेट्रोलची छोटी गाडी आहे, चार वर्षांची. इमारतीखालच्या बंद पार्किंगमध्ये राहील. शेजारच्या मुलाकडे किल्ली देऊन दर रविवारी पाच मिनिटं गाडी सुरू करायला सांगितलंय. एवढं पुरे ना?

त्या मुलाला रविवारी सुखानं झोपू द्या. गाडी अजिबात सुरू न करणं परवडलं, पण हे पाच मिनिटांचं प्रकरण नको.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, हात पोळल्यावर सांगतेय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझीच गाडी आठ महिने उभी होती. अर्धं आयुष्य गॅरेजमध्ये काढलेली मी, पण भाच्याला नेमकं हेच सांगून मोकळी झाले. पोरगं इमानी, एकही रविवार चुकला नाही. आठ महिन्यांनी गाडी रॅम्पवर घेतली, तर सायलेन्सरच्या मागच्या डब्याला तळाशी करंगळी जाईल एवढं भोक, आणि ऑइल भरायच्या झाकणाला आतून ताकासारखा पांढरा फेस.

एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. गाडी तापलेली असली की ते वाफ होऊन धुराबरोबर निघून जातं. थंड गाडी पाच मिनिटं चालवून बंद केली की तेच पाणी सायलेन्सरमध्ये साचतं. थोडं पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं उतरून ऑइलमध्ये मिसळतं, सोबत न जळलेलं पेट्रोलही जातं. वर बॅटरीचं नुकसान वेगळंच, कारण स्टार्टरनं एका झटक्यात जेवढी खाल्ली तेवढी पाच मिनिटांच्या आयडलिंगवर भरून येईलच असं नाही. म्हणजे दर रविवारी थोडं पाणी जमा आणि थोडी बॅटरी खर्च.

तेव्हा मार्ग दोनच. शेजारचा मुलगा परवानाधारक आणि भरवशाचा असेल, तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा त्यानं गाडी रस्त्यावर काढावी आणि चांगली पंधरा-वीस किलोमीटर पळवावी. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणून परत फिरायचं नाही. ऑइल तापायला पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. हे जमणार नसेल तर गाडी नीट झोपवा आणि कोणालाही हात लावू देऊ नका.

तुम्ही झोपवणार असं धरून सांगते. जायच्या आठवड्यात ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, शेवटचे पाचशे किलोमीटर बाकी असले तरी. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, सात महिने बेअरिंगांना ते लावून ठेवण्यात काय अर्थ? टाकी भरा. रिकाम्या जागेत दमट हवा राहते, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल पाण्याशी संग करून तळाला जाऊन बसतं. पेट्रोल टिकवणारं रसायन मिळतं, सात महिन्यांसाठी ते जरूर घाला. मात्र घातल्यावर गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवा, नाहीतर ते टाकीतच राहील आणि इंजेक्टरपर्यंत जुनंच पेट्रोल असेल.

हँडब्रेक ओढून जाऊ नका. दमट जागेत ब्रेकचे लायनर ड्रमला धरून बसतात आणि मग गाडी हलायलाच तयार होत नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. बटणाचा पार्किंग ब्रेक असेल तर तो बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केलं की आपोआप लागतो. तो कसा थांबवायचा ते गाडीच्या पुस्तकात सापडेल.

टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय हवा जास्त भरा, पण टायरच्या कडेला छापलेल्या कमाल आकड्याच्या वर नाही. सात महिने एकाच जागी वजन पडलं की टायरला खालून सपाट चट्टा पडतो. हलका असला तर वीस-तीस किलोमीटरमध्ये जिरतो, जुन्या टायरचा जिरत नाही. शेजारच्या मुलाला काम द्यायचंच असेल तर महिन्यातून एकदा गिअर आणि ठोकळे काढून, गाडी ढकलून चाक पाव फेरा फिरवायला सांगा. दोन्ही परत लावायला सांगायला विसरू नका.

आता बॅटरी. बंद गाडीसुद्धा थोडी वीज पीत असते. घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघत जागा असलेला रिसीव्हर. धडधाकट गाडीत हे साधारण २० ते ५० मिलिअँपिअर भरतं. ऐकायला काहीच नाही, पण ४५ अँपिअर-तासाची बॅटरी ५० मिलिअँपिअरनं ३७-३८ दिवसांत पार कोरडी होते, आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण खडे धरतात. मग कितीही चार्ज करा, पूर्वीची ताकद येत नाही. म्हणून पूर्ण चार्ज करा आणि काढून ठेवा. काळी, म्हणजे निगेटिव्ह, वायर आधी काढायची आणि लावताना शेवटी लावायची. उलट केलंत आणि लाल वायर सोडताना पाना बॉडीला टेकला, तर ठिणगीच काय, पाना चिकटून लाल होतो. मी पाहिलाय.

वायर सोडण्याआधी दोन गोष्टी. रेडिओला कोड लागतो का ते बघून तो लिहून ठेवा, आणि दाराला साधी किल्ली लागते का, फिरते का, हे खरंच फिरवून बघा. रिमोटच्या पोटात लपलेली ती किल्ली आयुष्यात एकदाही न वापरलेले लोक मला भेटतात, बहुधा बंद गाडीच्या बाहेर.

प्रश्न : गाडी उघड्यावर असते. जाड प्लास्टिकचा कागद घालून दोरीनं घट्ट बांधला तर चालेल का?

नाही. जमिनीतली ओल वर चढते, प्लास्टिकखाली अडकते आणि गाडी रोज आतून घामेजते. शिवाय वाऱ्यानं कागद घासून रंगावर जाळं पडतं. हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या, आणि ते धुतलेल्या, वॅक्स केलेल्या, पूर्ण कोरड्या गाडीवरच घाला. पक्ष्यांची विष्ठा कव्हरखाली राहिली तर तिचा ठसा रंगात कायमचा उतरतो.

प्रश्न : मागच्या वेळी तीन महिन्यांत उंदरांनी वायरिंग कुरतडलं. पेपरमिंट, तंबाखू, डांबरगोळ्या, सगळं करून झालं. रामबाण उपाय सांगा.

रामबाण असता तर आमच्या धंद्यातले निम्मे इलेक्ट्रिशियन घरी बसले असते. वासाचे उपाय चार-आठ दिवस चालतात, मग उंदीर त्या वासातच संसार थाटतो. डांबरगोळ्या तर घालूच नका. वास एसीच्या नळीत शिरला की उंदीर जातो, वास राहतो. विष ठेवायचं तर गाडीत कधीच नाही. तो नेमका डॅशबोर्डमागे जाऊन मरतो आणि सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

वाटा बंद करणं आणि आसरा न देणं, एवढंच हातात आहे. गाडीत खाण्याचा कणही नको. सीटच्या फटीतली बिस्किटं, लहान मुलांच्या सीटखालचा खजिना, सगळं व्हॅक्यूमनं ओढा. टिशूचा डबा, जुनी वर्तमानपत्रं काढा, त्यांचं फार मऊ घरटं होतं. एअर फिल्टरच्या नळीच्या तोंडाला आणि एसीची हवा जिथून आत येते तिथे बारीक भोकांची लोखंडी जाळी लावा. सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूलचा बोळा कोंबा. भिंतीला चिकटून गाडी लावू नका, उंदीर भिंतीच्या कडेनंच धावतो. बॉनेट उघडं ठेवण्याचा उपाय काही जण करतात. अंधार आणि ऊब गेली की जागा त्यांना आवडत नाही, हे खरं. बंद गॅरेज असेल तर करून बघा, बॉनेटचा दिवा मात्र काढा.

आणि जे जे कोंबलं, बांधलं, काढलं, ते एका कागदावर लिहून तो कागद स्टिअरिंगला बांधा. मी एकदा सायलेन्सरमध्ये स्वतःच कोंबलेला बोळा विसरले होते. गाडी सुरू व्हायची आणि गुदमरून बंद पडायची. तासभर पेट्रोल पंप आणि सेन्सर तपासत बसले. शेवटी आमच्या गॅरेजमधल्या शिकाऊ मुलानं मागे वाकून विचारलं, "मॅडम, हे काय आहे?"

प्रश्न : आमची इलेक्ट्रिक गाडी आहे. ऑइल नाही, पेट्रोल नाही, म्हणजे चार महिने उभी ठेवताना १०० टक्के चार्ज करून निघालो की काळजी मिटली ना?

१०० टक्के हाच घोळ आहे. लिथियम-आयन बॅटरीला काठोकाठ भरून महिनोन्‌महिने राहणं मानवत नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. पार रिकामं राहणंही नाही. साधारण ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल, तोच प्रमाण माना. फोनवरून दर तासाला गाडी किती टक्के आहे ते बघत बसू नका. प्रत्येक वेळी ती जागी होते आणि वीज खाते. कॅमेऱ्याची पहारेदारीही बंद करा.

लोक विसरतात ते हे की इलेक्ट्रिक गाडीतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. दारं, स्क्रीन, मुख्य बॅटरी जोडणारा स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर, सगळं तिच्या जोरावर चालतं. ती उतरली की पोटात शेकडो किलोमीटरची वीज असूनही गाडी दगड. काही गाड्या तिला अधूनमधून मोठ्या बॅटरीतून भरतात, काही भरत नाहीत. पुस्तक वाचा. टायर, हँडब्रेक, उंदीर यांचे नियम तुम्हालाही तेच.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. आजोबांची पेट्रोल गाडी अडीच वर्षं तशीच उभी आहे, ती आता मला मिळाली. मित्राच्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून, म्हणजे जंप लावून, सुरू करणार आहे. आधी काही बघायला हवं का?

बरं झालं आधी विचारलंस. जंप केबल मित्राला परत कर.

अडीच वर्षांत सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल केव्हाच निथळून गेलंय. पहिल्याच झटक्यात जोरानं फिरवलंस तर लोखंडावर लोखंड घासेल. शिवाय टाकीतलं पेट्रोल आता पेट्रोल राहिलेलं नाही. हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकट थर बनतो आणि तो इंजेक्टरात बसतो. टाकीचं झाकण उघडून वास घे. तारपीन किंवा जुन्या व्हार्निशसारखा आला तर सगळं काढून टाकायचं. हे काम घरी बादली लावून करायचं नाही, मेकॅनिककडून करून घे. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबची ठिणगीही तिला पुरते.

बाकीचं तू त्याच्याबरोबर उभा राहून कर, म्हणजे गाडी कळेल. आधी एअर फिल्टरचा डबा उघडा, घरटं असेल तर तिथेच असतं. ऑइल आणि फिल्टर बदला. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, तासभर थांबा आणि क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हातानं दोन फेरे फिरवा, चालण्याच्या दिशेनंच. अडलं तर जोर करायचा नाही. फिरलं की चांगली बॅटरी लावा. तास-दोन तास पडून राहिलेल्या भरल्या बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो, १२.२ म्हणजे अर्धी गेली. मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर चार-पाच सेकंद मारायचा, थांबायचं, परत मारायचा, डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीच्या चित्राचा लाल दिवा विझेपर्यंत. विझला म्हणजे ऑइल वर पोचलं. त्यानंतर प्लग आणि फ्यूज बसवून, ताज्या पेट्रोलवर, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून गाडी सुरू करा.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर घाबरू नकोस, प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल. ती कशी सोडवायची ते मेकॅनिकला माहीत असतं. ब्रेक ऑइल बदलून घे. ते हवेतली ओल पितं, उभ्या गाडीतसुद्धा, त्यामुळे दर दोन वर्षांनी बदलायचंच असतं. डिस्कवरचा तांबूस गंज चार-सहा ब्रेक मारले की जातो. पण पहिले ब्रेक मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगानं मारून बघ. पेडल खाली बसलं किंवा गाडी एका बाजूला ओढली तर रस्त्यावर नेऊ नकोस. एखादा पट्टा पहिल्या मिनिटाला किंचाळेल. थांबला तर ठीक, न थांबला तर तोही बदल.

राहिले टायर. नक्षी नवीकोरी दिसेल आणि तू फसशील. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांपासून सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटचे चार आकडे बघ. ३२१४ असेल तर तो २०१४ सालच्या ३२व्या आठवड्यात बनला. एका बाजूला पूर्ण ओळ नसेल तर टायरच्या आतल्या बाजूला वाकून बघ. दहा वर्षं झालेला टायर चिरा नसल्या तरी बदलायचा, आणि पाचव्या टायरलाही हाच नियम. स्टेपनी लोक विसरतात. पाचही टायरचे आकडे उतरवून घे आणि मला लिहून पाठव, मग पुढचं बोलू.