मुदत ठेव मोडून जिवाणूंचे पॅकेज घ्यावे का?

प्रश्न: दहा वर्षे पडीक, गवताने भरलेली तीन एकर जमीन वहितीखाली आणायची आहे. विक्रेत्याने जिवाणू संवर्धकाचे पॅकेज सुचवले आहे, एकरी 4 किलो, तीन हंगाम. खर्च आमच्या बचतीच्या 60 टक्के. ठेव मोडू का?

उत्तर: मोडू नका. एका एकरातल्या वरच्या 15 सेंटीमीटर मातीचे वजन 8 ते 9 लाख किलो भरते. पाकिटात ग्रॅमला 10 कोटी जिवाणू असतात असे समजा. मातीतही तेवढेच धरले, तरी तुमच्या 4 किलोंमधून आलेला एक पाहुणा दोन लाख स्थानिकांमध्ये जाऊन पडतो. सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्याकाडीतला कर्ब) कमी किंवा सामू (मातीची आम्लता-विम्लता, pH) बिघडलेला असेल तर तो टिकतही नाही. शिवाय मुळांना स्फुरद मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी गवताच्या मुळांवर बहुधा जिवंतच आहे. तणही न उगवलेल्या उघड्या जमिनीची गोष्ट वेगळी.

पहिला खर्च माती परीक्षणाचा. शेतात नागमोडी फिरत 15-20 ठिकाणी 15 सेंटीमीटर खोल, इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्या, माती एकत्र करून अर्धा किलो नमुना द्या. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद हवेच. सामू 5.5 च्या खाली निघाला तर आधी चुना. तोवर जिवाणूंवर एक पैसाही घालू नका.

पैसे बुडतात ते सहसा पुढच्या टप्प्यावर. वाळलेले गवत नांगरून गाडले आणि लगेच पेरले की पीक पिवळे पडते. गवतात कर्ब भरपूर, नत्र नगण्य. ते कुजवताना जिवाणू मातीतला नत्र स्वतःकडे ओढतात. मग माणूस घाबरून युरिया आणि आणखी एक 'टॉनिक' घेतो. त्याऐवजी गवत हिरवे असताना कापा, वाफशावर (माती ना चिखल ना कोरडी असताना) नांगरा, पाच-सहा आठवडे थांबा. नांगरताना मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या दिसतात का तेही बघा, जुन्या गवताळ रानात त्या बऱ्याचदा असतात. मग हिरवळीच्या खतासाठी एकरी 20-25 किलो ताग पेरून फुलोऱ्यात गाडा.

जिवाणूंवरचा एक खर्च मात्र मी आनंदाने मंजूर करेन: कडधान्याच्या बियाण्याला त्याच पिकाचे रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणारे जिवाणू), किलोला साधारण 25 ग्रॅम. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावा, जिवाणू शेवटी. दहावा हिस्सा संवर्धकाशिवाय ठेवा. महिन्याभराने मुळांवरच्या गाठी कापा. आत गुलाबी-लाल दिसले तर नत्र धरला जातोय, पांढऱ्या असतील तर नाही.

आता ठेव. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा, त्याला हात लावायचा नाही. उरलेल्यातून पहिल्या वर्षी एकाच एकरावर खर्च करा आणि दोन हंगाम उत्पन्न शून्य धरा. म्हणूनच लगेच हप्ते सुरू होणारे कर्जही नको. पॅकेजबद्दल तरीही मन ओढत असेल तर त्याची एकरी किंमत क्विंटलमागे निव्वळ हाती येणाऱ्या रकमेने भागा. जेवढे क्विंटल येतील तेवढे जादा पीक निघाले तरच खर्च फिटेल; विक्रेत्याला तेवढ्या वाढीची लेखी हमी मागा.