फ्रेश, ग्रे, ब्लॅक आणि प्रोपेन : चौघांना किती दिवस पुरतं?

तुमच्या आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, पाणी आणि गॅस चौघांना किती दिवस पुरेल असं तुम्ही विचारलंत, तर आधी थेट उत्तर देतो. फ्रेश (स्वच्छ पाण्याची टाकी) ४०, ग्रे (अंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची) ३०, ब्लॅक (टॉयलेटची) ३० गॅलन आणि २० पौंडी प्रोपेनचे दोन सिलिंडर, चार माणसं, आणि आरव्ही कुठल्याही नळजोडणीशिवाय उभी. एवढ्यावर अडीच दिवस निघतील, फार तर तीन. तुम्ही पाणी रोज दहा गॅलन धरून चार दिवस काढलेत. चौघांना दहा गॅलन म्हणजे साधारण ३८ लिटर, ते पुरणं अवघड. शिवाय वापरलेलं पाणी जाणार कुठे, हे त्या हिशोबात आलेलंच नाही.

गॅलन अमेरिकन धरतोय, म्हणजे ३.७८५ लिटर. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो, तेव्हा माहितीपत्रक कुठलं आहे तेवढं पाहून घ्या. तुमच्या टाक्या लिटरमध्ये झाल्या १५१, ११३ आणि ११३.

आता रोजचा खर्च. अंघोळीला माणशी आठ लिटर, म्हणजे ३२. आरव्हीचा शॉवर मिनिटाला सहा-सात लिटर सोडत असेल तर आठ लिटर म्हणजे सव्वा मिनिट. अंग भिजवा, बंद करा, साबण लावा, परत सोडा. भांडी, हात-तोंड धुणं यांना १५. हे ४७ लिटर ग्रे टाकीत जातात. फ्लशला २० आणि पिणं-स्वयंपाक १२ धरले की फ्रेशमधून रोज ७९ लिटर गेले. १५१ ला ७९ ने भागा, जेमतेम दोन दिवस.

म्हणजे आधी फ्रेश संपते, हे खरं. पण फ्रेश कॅनने पाणी आणून भरता येते. ग्रे भरली की तिथल्या तिथे काही करता येत नाही, गाडी हलवून डंप स्टेशन, म्हणजे सांडपाणी सोडायची जागा, गाठावं लागतं. खरी अडचण तिथे आहे. ११३ भागिले ४७, सुमारे २.४ दिवस. ब्लॅकमध्ये फ्लशचं पाणी धरून रोज २८ लिटरच्या आसपास पडतं, ती चार दिवस जाते. म्हणून माझ्यासारखे लोक भांडी टबात धुतात आणि त्यातलं थोडं पाणी गाळून टॉयलेटमध्ये ओततात. दोन्ही टाक्या मिळून २२६ लिटर, रोजचं सांडपाणी ७५, म्हणजे तीन दिवस. ब्लॅक टाकीला पातळपणा हवाच असतो, त्यामुळे दुहेरी फायदा. गरम पाणी येईपर्यंत नळातून जे गार पाणी वाहतं तेही पातेल्यात धरा आणि फ्लशला वापरा. दर वेळी लिटर-दीड लिटर सहज निघतं.

वॉटर हीटरमधलं पाणी जमेला धरू नका. काही उत्पादक फ्रेशच्या आकड्यात हीटरचे सहा गॅलनही मिळवतात. पण पंपाने मागून पाणी ढकललं तरच हीटरमधलं पुढे येतं, त्यामुळे फ्रेश कोरडी पडली की ते सहा गॅलन आतच राहतात. गाडी उतारावर उभी असेल तर फ्रेशच्या तळाचं पाणीही पंपाच्या तोंडाशी पोचत नाही. खरी क्षमता कळण्यासाठी टाकी रिकामी करून मापाच्या कॅनने भरा, मग पंप हवा ओढायला लागेपर्यंत बाहेर काढून मोजा. एकदाच करायचं काम आहे.

भिंतीवरच्या पॅनलमधल्या दिव्यांवर, निदान ब्लॅकच्या बाबतीत, माझा विश्वास नाही. टाकीच्या बाजूला तीन-चार धातूचे खिळे असतात, पाणी लागलं की दिवा लागतो. त्यांच्यावर कागद किंवा साबणाचा थर बसला की रिकामी टाकीही दोन तृतीयांश दाखवते. दिवस मोजणं जास्त खात्रीचं. आणि ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका, पातळ निघून जातं आणि घट्ट तळाशी बसतं. निदान दोन तृतीयांश भरल्यावर सोडा, मग ग्रे सोडा, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो.

वजन विसरू नका. एक लिटर म्हणजे एक किलो, भरलेली फ्रेश १५१ किलो झाली. दाराजवळच्या स्टिकरवरच्या माल-क्षमतेतून हे वजाच होतं. वाटेत पाणी मिळणार असेल तर पाव टाकी घेऊन निघा.

आता प्रोपेन. सिलिंडरमध्ये द्रव आकारमानाच्या ८० टक्केच भरतात, तापमान वाढलं की प्रसरणाला जागा हवी म्हणून. '२० पौंड' हा आकडा ती सूट धरूनच आहे, त्यातून पुन्हा २० टक्के काढू नका. मोटरहोमला पक्की बसवलेली टाकी गॅलनमध्ये सांगतात. तो आकडा एकूण आकारमानाचा असेल तर मात्र ८० टक्के धरा.

किती उरलं हे प्रेशर गेज सांगत नाही. आत थोडंसं द्रव असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, मग सिलिंडर पाव असो की पूर्ण. वजनकाटा वापरा. सिलिंडरच्या वरच्या कड्यावर (कॉलरवर) टीडब्ल्यू अक्षरांपुढे रिकाम्या सिलिंडरचं वजन ठोकलेलं असतं. समजा १७ आहे आणि काटा २७ पौंड दाखवतो, तर दहा पौंड शिल्लक. काटा नसेल तर बाजूवरून गरम पाणी ओता आणि हात फिरवा, जिथपासून पत्रा गार लागतो तिथपर्यंत द्रव आहे.

एक पौंड प्रोपेनमध्ये सुमारे २१,५०० बीटीयू (उष्णतेचं माप), म्हणजे सिलिंडरला ४,३०,०००. गॅसवर चालणारा शोषण-फ्रिज ताशी सुमारे १,५०० घेतो, त्याला एक सिलिंडर बारा दिवस पुरेल. शेगडीचाही खर्च किरकोळ. खाणारा आहे फर्नेस, म्हणजे गाडी उबदार ठेवणारा हीटर. ३०,००० बीटीयूचा फर्नेस सलग चालला तर चौदा तासांत सिलिंडर संपतो. थंड रात्रीच्या दहा तासांत तो निम्मा वेळ चालला तर एक सिलिंडर जेमतेम तीन रात्री. त्याचा पंखा १२ व्होल्टवर चालतो आणि बॅटरी ओढतो, कित्येकदा गॅसच्या आधी तीच बसते. तेव्हा बॅटरी किती अँपिअर-अवरची आहे तेही कळवा.

दोन सिलिंडरवर ऑटो चेंजओव्हर रेग्युलेटर (एक संपला की आपोआप दुसऱ्यावर जाणारा) असेल तरी मी दुसऱ्याचा व्हॉल्व्ह बंदच ठेवतो. दोन्ही उघडे असले की पहिला संपल्याचं रेग्युलेटरच्या छोट्या खिडकीतल्या लाल खुणेवरूनच कळतं, आणि ती खूण बघायला रात्री बाहेर कोणी जात नाही.