अंत्यविधीच्या खर्चाची तरतूद मृत्युपत्रात की बँकेत?

प्रश्न : माझे वय ७१ वर्षे असून पत्नी हयात नाही. मुलगा परदेशात असतो, मुलगी जवळच राहते, परंतु तिची आर्थिक परिस्थिती बेताचीच आहे. माझ्या अंत्यविधीचा भार तिच्यावर पडू नये, म्हणून मी मृत्युपत्रात त्यासाठी वेगळी रक्कम लिहून ठेवणार आहे. एवढी तरतूद पुरेशी होईल का?

उत्तर : आपला हेतू योग्य आहे, पण केवळ मृत्युपत्रावर विसंबल्यास तो साधणार नाही. मृत्युपत्र सहसा अंत्यविधी उरकल्यानंतर, काही वेळा पुष्कळ दिवसांनी, कपाटातून बाहेर निघते, आणि त्यातील तरतुदींची अंमलबजावणी त्याहूनही उशिरा सुरू होते. अंत्यविधीचा खर्च मात्र पहिल्या चोवीस तासांत रोख करावा लागतो. त्यामुळे एका गोष्टीसाठी दोन सोयी कराव्या लागतात. त्या दिवशी हाताशी पैसा असावा ही बँकेतली सोय, आणि ज्याने खर्च केला त्याला तो विनातक्रार परत मिळावा ही मृत्युपत्रातली.

बँकेतल्या सोयीपासून सुरुवात करू. केवळ आपल्या नावावर असलेल्या खात्यात कितीही शिल्लक असली, तरी मृत्यूची सूचना मिळताच बँक त्यातील व्यवहार थांबवते. नामनिर्देशन केलेले असेल, तर मृत्यूचा दाखला व ओळखीची कागदपत्रे दिल्यावर नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम मिळते, परंतु रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसारही कागदपत्रे पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांची मुदत बँकेच्या हाती असते. दाखला मिळण्यास लागणारे दिवस त्याआधीचे. म्हणून मुलीबरोबर एक छोटे, स्वतंत्र संयुक्त बचत खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने उघडावे आणि त्यात फक्त या कामापुरती रक्कम ठेवावी. आपली सर्व पुंजी त्या खात्यात ठेवू नये, कारण तसे केल्यास संयुक्त नाव हे केवळ सोयीसाठी होते की पैसा मुलीलाच द्यायचा होता, हा वाद पुढे उभा राहतो.

व्याजाच्या मोहाने हीच रक्कम मुदत ठेवीत ठेवणारे अनेक जण एक बारीक गोष्ट विसरतात. एका ठेवीदाराच्या मृत्यूनंतर ठेव मुदतीपूर्वी मोडण्याचा अधिकार हयात ठेवीदाराला राहील, अशी लेखी सूचना दोघांच्या सह्यांनी बँकेकडे आधीच नोंदवलेली नसेल, तर बँक सर्व वारसांच्या संमतीची मागणी करू शकते. आपल्या बाबतीत त्याचा अर्थ परदेशातील मुलाच्या सहीची वाट पाहणे असा होईल. आयुर्विम्याचीही साधारण हीच अडचण आहे, कारण दाव्याची रक्कम येते ती खर्च होऊन गेल्यानंतर. रकमेचा अंदाज करताना आजचा खर्च धरून थांबू नये. महागाई वर्षाला ६ टक्के राहिली, तर आज १ लाख रुपयांत होणाऱ्या गोष्टीला १२ वर्षांनी सुमारे २ लाख लागतील, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी खात्यात थोडी भर घालत राहावे.

आता मृत्युपत्र. अंत्यविधीचा खर्च आपण लिहिला नाही, तरी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३२० नुसार मृताच्या दर्जाला साजेल असा वाजवी अंत्यविधी-खर्च, तसेच अखेरच्या आजारपणाचा खर्च, इतर सर्व कर्जांच्या आधी त्याच्या मालमत्तेतून फेडावा लागतो. कलम ३१६ तर मृत्युपत्राच्या व्यवस्थापकावर, म्हणजे एक्झिक्युटरवर, मालमत्ता पुरेशी असल्यास या विधींसाठी पैसा उपलब्ध करून देण्याचे कर्तव्यच टाकते. मग वेगळे कलम लिहायचे कशासाठी? वाद होतो तो ‘वाजवी’ या एका शब्दावर. आपण स्वतः एक कमाल रक्कम लिहिली, खर्च करणाऱ्याला पावत्यांच्या आधारे तेवढी रक्कम वाटणीपूर्वी परत द्यावी असे नमूद केले, आणि संयुक्त खात्यात उरलेली शिल्लक कोणाची हेही स्पष्ट केले, की भावंडांना भांडायला फारसे काही उरत नाही. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी ती करून घ्यावी असे माझे मत आहे.

विधी कसा व्हावा, साधा की धार्मिक, देहदान करायचे की नाही, या गोष्टी मात्र मृत्युपत्रात कोंडून ठेवू नयेत. त्यासाठी एक पानी वेगळे पत्र लिहून त्याची प्रत मुलगी आणि मुलगा दोघांकडे आजच द्यावी. अशा इच्छेची पूर्तता शेवटी घरच्यांच्याच हाती असते. देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे भरलेला असला, तरी देह सुपूर्द करायचा तो नातेवाइकांनीच. हा विषय काढणे अवघड वाटते हे मला ठाऊक आहे, पण मुलाला तो फोनवरून ऐन वेळी कळण्यापेक्षा आत्ता कळलेला बरा.

प्रश्न : वडिलांच्या अखेरच्या आजारपणाचा आणि अंत्यविधीचा सर्व खर्च मी केला. वडिलांच्या खात्यावर भावाचे नामनिर्देशन आहे. रक्कम त्याने काढून घेतली आणि आता तो म्हणतो, ‘तू स्वखुशीने खर्च केलास, आणि पैसे माझ्या नावाचे आहेत.’ मृत्युपत्र नाही. मला काही मागता येईल का?

उत्तर : येईल. आपल्या भावाची दोन्ही विधाने कायद्याला धरून नाहीत. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून पैसे स्वीकारते, मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बँक ठेवींच्या संदर्भात स्पष्ट केले आहे. त्या रकमेत सर्व कायदेशीर वारसांचा हक्क आहे, आणि मुलगी म्हणून आपलाही आहे. खर्चाबाबत वर उल्लेखिलेले कलम ३२० आपल्या बाजूने आहे. अंत्यविधीचा वाजवी खर्च, वैद्यकीय शुल्क आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याचा निवास व भोजनाचा खर्च वाटणीपूर्वी वडिलांच्या मालमत्तेतून वजा व्हायला हवा.

येथे एक मर्यादा नीट समजून घ्यावी. हा दावा वडिलांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर आहे, भावाच्या स्वतःच्या उत्पन्नावर नाही, आणि त्याने काढलेली रक्कम ही त्याच मालमत्तेचा भाग आहे. रुग्णालयाची बिले, रुग्णवाहिकेची पावती, आपल्या खात्यातून गेलेल्या रकमांचे उतारे तारीखवार लावून प्रथम लेखी मागणी करावी. पावती नसलेल्या किरकोळ खर्चाचा तपशील आठवेल तसा आजच लिहून ठेवावा. वडील कर्मचारी राज्य विमा योजनेत विमाधारक होते का, हेही तपासावे, कारण त्या योजनेत अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, परंतु मृत्यूपासून तीन महिन्यांत दावा करावा लागतो.

प्रश्न : आईच्या निधनानंतर त्याच दिवशी तिच्या एटीएम कार्डाने मी पैसे काढले आणि ते सर्व अंत्यविधीसाठीच वापरले. हा गुन्हा आहे का?

उत्तर : खातेदाराच्या मृत्यूनंतर तिचे कार्ड दुसऱ्याने वापरणे बँकेच्या अटींच्या विरुद्ध आहे आणि ते करू नये. आपल्याकडे आईचे मुखत्यारपत्र असते, तरी तेही मृत्यूबरोबर संपले असते. मात्र मृताच्या मालमत्तेत केवळ त्याच्या अंत्यविधीसाठी हात घातल्याने कोणी अनधिकृत व्यवस्थापक ठरत नाही, असा स्पष्ट अपवाद १९२५ च्या अधिनियमातील कलम ३०३ मध्ये आहे. पैसे खरोखर त्यासाठीच गेले असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. काढलेली रक्कम आणि झालेला खर्च यांचा हिशेब इतर वारसांना लेखी द्या, बँकेला मृत्यूची सूचना देऊन कार्ड बंद करून घ्या, आणि काही रक्कम उरली असेल तर ती वाटणीपर्यंत वेगळी ठेवा.