फोल्डरमधल्या फाइलींची यादी काढायला सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या कीर्तनांची रेकॉर्डिंगं विंडोजच्या संगणकावर वर्षावार फोल्डरांत पडली आहेत, नावं मराठीत आहेत आणि सगळ्यांची यादी एक्सेलमध्ये हवी आहे. त्यासाठी सॉफ्टवेअर घ्यावं का?

एक रुपयाही घालवू नका. दोन ओळींचं काम आहे. फोनवर धाकट्या भावाला सांगतो तसं अक्षर न अक्षर सांगतो, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

नोटपॅड उघडा. पहिली ओळ: सीएचसीपी, एक स्पेस, 65001. दुसरी ओळ: डीआयआर, स्पेस, /बी, स्पेस, /एस, स्पेस, /ए-डी, स्पेस, मग > हे चिन्ह, स्पेस, लिस्ट डॉट टीएक्सटी. सेव्ह करताना खाली 'ऑल फाइल्स' निवडा आणि नाव द्या यादी डॉट बीएटी, तेही इंग्रजीतच. 'ऑल फाइल्स' विसरलात तर नोटपॅड गुपचूप शेवटी टीएक्सटी चिकटवतो आणि मग डबलक्लिक केलं की नुसतं नोटपॅडच उघडत बसतं. ही फाइल सगळ्या वर्षांच्या वरच्या फोल्डरात ठेवून डबलक्लिक करा. काळी खिडकी क्षणभर चमकेल आणि शेजारी लिस्टची फाइल तयार.

आता यातलं काय कशासाठी. /बी म्हणजे तारीख, आकार वगैरे पसारा नको, नुसती नावं. /एस म्हणजे आतल्या फोल्डरांतही शिर. /ए-डी म्हणजे फोल्डरांची नावं वगळ. डीआयआर ही आज्ञा 1981च्या डॉसपासून, म्हणजे विंडोजच्या आधीच्या संगणक-प्रणालीपासून आहे. > ने उत्तर फाइलीत वळवायची सोय 1983च्या डॉस 2.0मध्ये आली. इतकं जुनं अवजार अजून बिनतक्रार चालतं.

पहिली ओळ मात्र आपल्यासाठी खास महत्त्वाची. मी पहिल्यांदा ही यादी काढली तेव्हा ती ओळ मला माहीतच नव्हती. इंग्रजी नावं नीट आली आणि 'हरिपाठ', 'काला' वगैरेंच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! दोन संध्याकाळी बसून शंभरेक नावं हाताने टंकली, मग कुणीतरी ही ओळ सांगितली. 65001 म्हणजे यूटीएफ-8, अक्षरं साठवायची एक पद्धत, त्यात देवनागरी शाबूत राहते.

लिस्ट नोटपॅडमध्ये उघडून सगळं कॉपी करा, एक्सेलच्या पहिल्या रकान्यात पेस्ट करा. प्रत्येक ओळीत पूर्ण पत्ता येईल, ड्राइव्हपासून. तो काढून टाकू नका. 'डेटा'मधल्या 'टेक्स्ट टू कॉलम्स'मध्ये विभाजक म्हणून उलटी तिरकी रेघ द्या, की वर्ष एका रकान्यात आणि कीर्तनाचं नाव दुसऱ्यात, आपोआप वेगळं.

संख्या दोनने जास्त भरली तर घाबरू नका. बीएटी आणि लिस्ट, दोघंही त्याच फोल्डरात असल्यामुळे यादीत हजेरी लावतात. त्या ओळी उडवा.

मूळ रेकॉर्डिंगांना यातलं काहीच हात लावत नाही. पण पुन्हा चालवलंत तर जुनी लिस्ट न विचारता पुसली जाते, तेव्हा तिच्यात काही शेरे लिहिले असतील तर आधी तिचं नाव बदलून ठेवा.