मागच्या बाकावरून

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

सहकाऱ्याच्या वर्गात जाऊन बसणे म्हणजे त्याची परीक्षा घेतल्यासारखे वाटते, असे तू लिहिले आहेस. हा संकोच मला कळतो, कारण मागच्या बाकावर वही उघडून बसणारी मोठी व्यक्ती तपासायलाच आलेली असते, हाच आपला आजवरचा अनुभव आहे. तू मात्र तपासायला नव्हे, तर स्वतःची एक अडचण घेऊन जात आहेस, आणि हे त्या सहकाऱ्याला आधीच सांगितलेस तर निम्मे अवघडलेपण तिथेच संपेल. 'तुमचा तास बघायचा आहे' असे न म्हणता, 'माझ्या वर्गात प्रश्न विचारला की तीच चार मुले हात वर करतात. तुमच्याकडे काय होते ते बघू का?' असे विचारावे.

शिकवणे आपण पुष्कळ पाहिले आहे, मग पुन्हा काय पाहायचे, असा तुझा दुसरा प्रश्न आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये याचे मार्मिक उत्तर दिले आहे. शिक्षक होण्यापूर्वी आपण हजारो तास वर्गात काढलेले असतात, परंतु ते विद्यार्थी म्हणून. त्यामुळे शिक्षकाने काय केले ते आपल्याला दिसते, ते त्याने का केले आणि करण्याआधी कोणते पर्याय बाजूला सारले हे दिसत नाही. म्हणूनच पाहिलेल्या तासानंतरची दहा मिनिटांची बैठक मी तासाइतकीच आवश्यक मानते. 'ते उदाहरण मध्येच का सोडलेत?' या प्रश्नाच्या उत्तरात जे मिळते, ते वर्गात बसून मिळत नाही.

आता पाहायचे काय, याविषयी माझी फजिती सांगते. पहिल्यांदा एका ज्येष्ठ शिक्षिकेच्या गणिताच्या तासाला बसले, तेव्हा त्यांचा आवाज, फळ्यावरची मांडणी, त्यांचे वर्गात फिरणे यांवर मी दोन पाने भरली. तास संपल्यावर त्यांनी वही पाहिली आणि विचारले, 'तुझ्या शेजारच्या मुलीने एकच उत्तर चार वेळा खोडले, ते कुठे आहे?' ती मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तेव्हापासून मी शिक्षकाकडे कमी आणि मुलांच्या वह्यांकडे अधिक पाहते. जपानमधील 'जुग्यो केन्क्यू' या जुन्या पद्धतीत हेच शिस्तीने होते: काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, त्यांच्यातील एक जण तो शिकवतो आणि बाकीचे मुलांजवळ उभे राहून ती कशी विचार करतात हे टिपतात. पाठ सर्वांनी आखलेला असल्यामुळे नंतरची चर्चा पाठाविषयी होते, शिकवणाऱ्याविषयी नव्हे.

नोंद करताना मत लिहू नये, घडले ते लिहावे. 'मुले रमली होती' हे मत झाले. 'प्रश्नानंतर शिक्षिका चार सेकंद थांबल्या, मग मागच्या रांगेतून उत्तर आले' ही नोंद झाली. सेकंद मोजणे तुला अतिरेकी वाटेल, पण अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून नेमके हेच मोजले. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत. ते ३ सेकंद थांबू लागले की उत्तरे लांबत, 'माहीत नाही' कमी होई आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलत. तुझ्या त्या चार हातांचे कारण कदाचित इथेच असेल. (मी पहिल्यांदा स्वतःचे सेकंद मोजले, तेव्हा दोन दिवस कोणाला सांगितले नाही.)

एक सावधगिरी मात्र बाळग. एखाद्याचा वर्ग शांत आणि कामात गढलेला दिसला, की त्याची एखादी लकब उचलण्याचा मोह होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी वर्गांच्या चित्रफिती पाहिल्या, तेव्हा शांत आणि गोंधळाच्या वर्गांतले शिक्षक गोंधळ झाल्यावर काय करतात यात फारसा फरक आढळला नाही. फरक होता तो गोंधळ होण्याआधीच्या सजगतेत आणि एका कामातून दुसऱ्या कामात मुलांना नेण्याच्या सफाईत. त्यामुळे मुले आत येण्यापूर्वीच जाऊन बस. पाच मिनिटे उशिरा गेलीस तर पाहण्यासारखे बरेच काही होऊन गेलेले असेल.

शिवाय फक्त नावाजलेल्या शिक्षकांकडेच जाऊ नकोस. तुझ्याच इयत्तेला दुसरा विषय शिकवणाऱ्याच्या तासाला बस. तुझ्याकडे तोंड न उघडणारा मुलगा तिथे बोलताना दिसला, तर विचार करायला आठवडाभर पुरेल. पंधरा दिवसांतून एक मोकळा तास यासाठी ठेवलास तरी चालेल, आणि परत आल्यावर एकच बदल करून पाहा. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर त्या सहकाऱ्याला आपल्या वर्गात बोलाव. काय पाहायचे ते तूच त्याला सांग, आणि त्या दिवशी मुद्दाम बसवलेला पाठ घेऊ नकोस. जो धडा तुला जमत नाही, तोच घे.

तुझी,
ताई