फिक्सेटिव्ह कधी मारायचं?

प्रश्न : ताई, मी फोटोवरून पोर्ट्रेट काढून देते, पेन्सिल आणि चारकोलमध्ये. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली तेव्हा वाटलं होतं, आता दिवसभर चित्रंच काढायची. तशी काढतेही. महिन्याला बाराएक ऑर्डरी असतात, घरखर्च निघतो. पण नोकरी करत असताना रात्री जागून जे काढायचे, म्हणजे रिकाम्या खोल्या, जिने, दाराच्या फटीतून येणारा उजेड, त्यातलं एकही चित्र गेल्या दीड वर्षात झालेलं नाही. रविवारी कोरा कागद लावून बसते, पण हात उचलत नाही. ‘हे कुणाला हवंय?’ हेच आधी मनात येतं. पैशासाठी काढून काढून मी माझी कला बिघडवली का? ऑर्डरी बंद कराव्यात का?

उत्तर : ऑर्डरी बंद करू नका. भाडं थकलेल्या माणसाला रिकामी खोली फार वेगळी दिसते, आणि ती चित्रात चांगली उतरते असा माझा तरी अनुभव नाही.

आता ‘बिघडवली’बद्दल. मी बावीस वर्षं शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढल्या. बेडकाचं हृदय, तीन कप्प्यांचं, आजही डोळे मिटून काढून दाखवीन. आकृती संपादकांकडे जायची आणि लाल पेनाच्या खुणा घेऊन परत यायची : बाण इथे नको, रेषा जाड हवी. पुन्हा काढायची, पुन्हा पाठवायची. त्या कामाने माझा हात बिघडला नाही, उलट रेष पक्की झाली. बिघडलं ते दुसरंच, आणि ते कळायला मला फार वर्षं लागली. रात्री स्वतःचं चित्र काढायला बसले की अर्ध्यावर येऊन थांबायचे. कंटाळा यायचा म्हणून नव्हे. लाल पेनाची वाट बघत बसायचे! चित्र झालं की नाही, हे मला कुणीतरी सांगावं लागत होतं.

तुमचंही तेच झालंय असं मला वाटतं. ऑर्डरीच्या पोर्ट्रेटवर फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल पुसला जाऊ नये म्हणून मारायचा तो फवारा, कधी मारता, आठवून बघा. फोटो काढून पाठवता, तिकडून ‘हनुवटी जरा बारीक करा ना’ येतं, ती करता, मग ‘ओके’ येतं आणि मग तुम्ही बाटली हातात घेता. महिन्याला बारा वेळा, तीन वर्षं. चित्र संपल्याचा निर्णय तेवढ्या वेळा दुसऱ्याने घेतलाय. रविवारी समोर दुसरं कुणीच नसतं, मग हात कशाच्या भरवशावर उचलणार?

टेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑर्डरीने कला बिघडते का, हे तपासून पाहिलं होतं. 23 व्यावसायिक कलावंत, प्रत्येकाची 10 कामं ऑर्डरीची आणि 10 स्वतःहून केलेली. कुठलं काम कुठलं, हे परीक्षकांना माहीत नव्हतं. हाताच्या कौशल्यात त्यांना फरक दिसला नाही. कल्पकतेत मात्र ऑर्डरीची कामं मागे पडली. गंमत पुढे आहे. ऑर्डरीने बांधून घातलं असं कलावंताला जिथे वाटलं, तिथे कल्पकता जास्त घसरली. जिथे मोकळीक वाटली, तिथे तसं झालं नाही. म्हणजे दोष सगळा पैशावर ढकलता येत नाही.

तशी ही रड नवी नाही. अल्ब्रेख्त ड्यूरर या जुन्या जर्मन चित्रकाराने फ्रँकफर्टच्या याकोब हेलर नावाच्या व्यापाऱ्यासाठी चर्चमधल्या वेदीचं मोठं चित्र काढायला घेतलं होतं. ठरले 130 गिल्डर, काम वाढत गेलं, ड्यूररने 200 मागितले, आणि पत्रापत्री सुरू झाली. ती वाचताना मला आपल्या सगळ्यांचे व्हॉट्सअॅप आठवतात. 1509 साली तो वैतागून लिहितो की मी माझ्या छापचित्रांनाच धरून राहिलो असतो, तर आज हजार गिल्डरांनी श्रीमंत असतो. ही छापचित्रं तो कुणाच्या सांगण्यावरून करत नसे. विषय त्याचा, कोरून छापायचा तांब्याचा पत्रा त्याचा, पुरे झालं हे ठरवणाराही तोच. नंतर बायको आणि आई ती विकायच्या. पैशासाठीच काढलेली, तरी त्याचीच. ‘मेलंकोलिया’ 1514 सालची, अशीच एक. हेलरच्या चित्राचा मधला भाग 1729 मध्ये आगीत गेला.

तुमच्या बारा ऑर्डरींपैकी एक अशी करता येते का बघा. एखादं गिऱ्हाईक तुमच्यावर विश्वास टाकणारं असतंच. त्याला सांगा, चेहरा तुमच्या फोटोतला, पण उजेड आणि जागा माझी. माणसाला जिन्यावर बसवा. फ्लॅशने सपाट झालेल्या चेहऱ्याला नाकाखालची सावली परत द्या. एखाद्याला आवडणार नाही, चालेल.

पैशाचं पटकन उरकते. दर एक पंचमांशाने वाढवले आणि बाराच्या दहा ऑर्डरी झाल्या, तरी हातात तेवढेच येतात आणि दोन चित्रांचा वेळ सुटतो. निम्मे पैसे आगाऊ घ्या. दुरुस्त्या दोनच, पुढचीला वेगळे पैसे, आणि हे काम घेतानाच लिहून कळवायचं; हनुवटीवरून वाद सुरू झाल्यावर नव्हे. ऑर्डरीच्या चित्राचा कॉपीराइट कुणाकडे राहतो, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, तेव्हा तेही त्याच कागदावर येऊ द्या.

आणि रविवार सोडा. आठवडाभर दुसऱ्यांचे चेहरे काढून थकलेल्या माणसाने रविवारी मोठा कागद लावायचा, ही शिक्षा आहे. पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्या, कामाच्याच दिवशी, फोन उघडायच्या आधी. तुमच्याच घरातला जिना किंवा दार. अर्धा-पाऊण तास. जमलं नाही, पायऱ्या वाकड्या गेल्या, तरी खाली तारीख घाला आणि त्याच सकाळी फिक्सेटिव्ह मारून टाका. कुणालाही न विचारता, फोटो न पाठवता. इन्स्टाग्रामवरही टाकू नका, निदान पहिली तीसेक तरी. लाइक देणारा हाही एक गिऱ्हाईकच, फक्त फुकटा. मी हे सुरू केलं तेव्हा पहिल्या आठ-दहा तुकड्यांवर बाटली दाबताना चक्क भीती वाटली होती, की आता पुसता येणार नाही. अकरावा कुठला होता ते आठवत नाही.

बाटली हातभर लांब धरा आणि दोन हलके थर द्या, एकच जाड थर दिलात तर चारकोल ओघळतो. आणि खिडकी उघडी ठेवा, तो वास दिवसभर डोक्यात बसतो.